टीबीकाका

प्रत्येक सोसायटीत एक टीबीकाका असतात. टीबी म्हणजे टेराबाइट, हा खुलासा आधीच केलेला बरा. आमच्याकडे नवं राहायला आलेलं एक कुटुंब हे नाव ऐकून बरेच दिवस त्यांच्या घरचा सत्यनारायणाचा प्रसादही घेत नव्हतं.

टीबीकाका ओळखायला सोपे असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून निवृत्त. अंगात असंख्य खिशांचं जाकीट आणि शनिवारी पहाटे चार वाजता गाडीचं तोंड भिगवणच्या दिशेला. लोक त्यांना फोटोग्राफर समजतात आणि तेही लोकांचा गैरसमज दूर करत नाहीत. पण फोटो काढणं ही त्यांच्या उद्योगाची फक्त कच्चा माल आणण्याची बाजू. मूळ धंदा साठवणीचा. निवृत्त माणसाला ‘कसं काय?’ विचारलं की गुडघे निघतात, साखर निघते, सूनबाई निघतात. टीबीकाका कपाळाला आठी घालून म्हणतात, “जागा नाही रे कुठे.” पुण्यात हे ऐकून कुणालाही पार्किंगच आठवतं. काकांच्या मनात मात्र डी ड्राइव्ह असतो.

या दुखण्याचं मूळ फिल्मच्या रोलमध्ये आहे. काकांच्या तरुणपणी एका रोलमध्ये ३६ फोटो निघत. तो रोल गणपतीत कॅमेऱ्यात चढवला की दिवाळीपर्यंत पुरवायचा असे. सगळं घर गच्चीवर उभं राहायचं, पोटं आत जायची, धाकट्याचं नाक पुसलं जायचं आणि मग एकदाच ‘खट्’. एखाद्याने डोळे मिटले असतील तर तो आयुष्यभर मिटल्या डोळ्यांनी अल्बमात राहायचा. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीच्या पैशातून ४५ मेगापिक्सेलचा, सेकंदाला २० फ्रेम टिपणारा कॅमेरा आला. गणपती ते दिवाळी चालणारा रोल आता दोन सेकंदही पुरणार नाही. भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा उठतो, काका पाच सेकंद बटण दाबून धरतात आणि शंभर फोटो होतात. एक रॉ फाइल साधारण ५० एमबीची, म्हणजे थवा हवेत जाऊन परत पाण्यावर बसेपर्यंत पाच जीबी भरले. थव्याला याची कल्पना नसते. तो पुन्हा उठतो. काकाही पुन्हा बटण दाबतात, कारण “मघाशी ऊन डावीकडून होतं.”

रविवारी हा माल घरी येतो आणि कॅटलॉगात चढतो. काकांचं दैवत लाइटरूम. हा प्रोग्रॅम २००७ साली बाजारात आला आणि जगभरच्या हौशी-व्यावसायिक फोटोग्राफरांना कारकुनी करायला लावून बसला. बँकेत पस्तीस वर्षं लेजरं सांभाळलेल्या माणसाला तर तो घरच्यासारखाच वाटला. त्यात प्रत्येक फोटोची नोंद होते: कुठे काढला, कधी काढला, कुठली लेन्स, किती तारे दिले, कुठला किवर्ड लावला. काकांची किवर्डांची उतरंड बघण्यासारखी आहे. पक्षी, त्याखाली पाणपक्षी, त्याखाली रोहित, त्याखाली ‘रोहित उडताना’, त्याखाली ‘रोहित उडताना मान सरळ’. माणसांचीही तशीच सोय आहे. नातेवाईक, त्याखाली सासरचे, त्याखाली ‘लग्नाला आले पण जेवले नाहीत’.

या नोंदी जिथे राहतात ती फाइल आतून एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसची असते. रिचर्ड हिप नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००० साली तो लिहायला घेतला, अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू विनाशिकेवरच्या एका कामाच्या निमित्ताने. ही गोष्ट काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. युद्धनौकेसाठी जन्मलेल्या यंत्रणेवर आपले बुलबुल बसलेले आहेत, या विचाराने त्यांची छाती दोन इंच फुगते.

कॅटलॉगात फोटो नसतात, हे मात्र घरात त्यांच्याशिवाय कुणालाच पटलेलं नाही. कॅटलॉग म्हणजे सातबारा. जमीन वेगळीकडे असते, उताऱ्यावर फक्त तिचा पत्ता आणि मालकाचं नाव. एकदा सुट्टीत आलेल्या भाच्याने मामाची अडचण बघून, मदत म्हणून, ‘भिगवण’चा सबंध फोल्डर नेहमीसारखा कट-पेस्ट करून दुसऱ्या डिस्कवर हलवला. संध्याकाळी काकांनी लाइटरूम उघडलं, तर फोल्डरवर प्रश्नचिन्ह आणि प्रत्येक रोहिताच्या कोपऱ्यात उद्गारचिन्ह. उतारा जागेवर होता, जमीन गायब. फोल्डरची नवी जागा लाइटरूमला दाखवली की दोन मिनिटांत सगळं सुरळीत होतं आणि तसं झालंही. पण ती दोन मिनिटं सुरू होण्याआधी काकांनी भाच्याला जे ऐकवलं, त्यानंतर तो मुलगा त्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा न विचारता जागचा हलवत नाही.

जागा संपल्याची सूचना साधारण महिन्या-दोन महिन्यांनी येते. त्या दिवशी काका आंघोळ लवकर उरकतात. टेबलावर वही, पेन आणि चहाचा थर्मास मांडला जातो. मग सुरू होतो तो सोहळा बघावा असा असतो, कारण फोटो खोडण्याखेरीज जागा करण्याचे जेवढे म्हणून मार्ग माणसाच्या बुद्धीला सुचले आहेत, ते सगळे काकांना पाठ आहेत.

पहिला हात प्रीव्ह्यूंवर पडतो. फोटो मोठा करून बघताना खोळंबा होऊ नये म्हणून लाइटरूम प्रत्येक फोटोची एक तयार प्रतिमा बाजूला साठवून ठेवतं. त्यातल्या पूर्ण आकाराच्या प्रतिमा, ज्यांना वन टू वन म्हणतात, चांगल्याच खादाड असतात. त्या तीस दिवसांनी आपोआप जाव्यात अशी सोय प्रोग्रॅमात आहे. काकांनी ती ‘कधीच नाही’वर ठेवली आहे. त्यामुळे हे काम हातानेच करावं लागतं आणि हाताने केलं की पुष्कळ जीबी एकदम सुटतात. काका वहीत तो आकडा लिहितात, खाली दोन रेघा ओढतात. त्यात नुकसान काहीच नसतं, मूळ फोटो जागच्या जागी असतात. पण काकांच्या मनात पाल चुकचुकते. काही गेलं तर नाही ना? खात्री करून घेण्यासाठी ते सगळे फोटो निवडतात आणि पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू पुन्हा बनवायला लावून झोपतात. यंत्र रात्रभर घरघरतं. सकाळी सगळं शाबूत असल्याची खात्री झालेली असते. जागा तेवढी गेलेली असते.

दुसरा हात बॅकअपवर. लाइटरूम बंद करताना ते विचारतं, कॅटलॉगचा बॅकअप घेऊ का? महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा, दिवसातून एकदा, की प्रत्येक वेळी बंद करताना? जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाने काय निवडलं असेल, हे सांगायला नको. पोळ्या झाल्या म्हणून हाक आली, तरी ताटावर बसण्याआधी एक बॅकअप होतो. जुने बॅकअप हा प्रोग्रॅम स्वतःहून कधीच पुसत नाही, ते आपणच काढायचे असतात. काका ते काढायला बसतात, तारखा वाचतात आणि अडकतात. “हा मुंजीच्या आदल्या दिवशीचा आहे.” बॅकअपात मुंजीचा एकही फोटो नसतो, फोटोंच्या नोंदी असतात फक्त, आणि त्याही मुंजीच्या आधीच्या. तरी तो राहतो.

तिसरा उपाय कॅटलॉग आवळण्याचा. डेटाबेसातून नोंदी काढल्या म्हणून फाइल लहान होत नाही. आत मोकळी पानं तयार होतात, ती पुढच्या नोंदींसाठी राखून ठेवली जातात आणि फाइलचं वजन तसंच राहतं. ती पानं खरोखर बाहेर काढायची तर सगळा डेटाबेस नव्याने लिहावा लागतो. एसक्यूलाइटमध्ये या कामाचं नावच व्हॅक्यूम. गंमत अशी की ते चालू असताना मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. म्हणजे जागा करायची तर आधी जागा हवी. बाकीचे लोक यावर वैतागतील. काका प्रसन्न होतात. “आमच्याकडेही असंच होतं,” ते म्हणतात. “कर्ज त्यालाच मिळायचं, ज्याला त्याची गरज नाही.”

त्यानंतर मोर्चा घरातल्या इतर रहिवाशांकडे वळतो. काकूंच्या फोनमधली सुप्रभात चित्रं, सुनेने पाठवलेले नातवाचे व्हिडिओ, जावयाची २०१४ सालची प्रोजेक्ट फाइल.

“अहो, माझी पन्नास केबीची गुरुपौर्णिमा तुम्हाला अडचण करते?” काकू स्वयंपाकघरातून विचारतात. “आणि ते बुलबुल? चारशे बुलबुल आहेत नुसते आपल्या गॅलरीतले.”

“अगं, चारशे नाहीत. एकच आहे.”

“मग एकच ठेवा.”

इतका बिनतोड युक्तिवाद काकांनी कर्ज विभागातही ऐकला नसेल. ते उत्तरादाखल दोन फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवतात. एकात बुलबुलाच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे, दुसऱ्यात किंचित वर आहे. काकू कढईखालचा गॅस बारीक करून येतात, चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, “दोन्हीत त्याचं तोंड पलीकडे आहे.”

मुद्दा असा की लाइटरूममध्ये नको असलेला फोटो बाद करायला एक्स हे एकच बटण दाबावं लागतं. जागा करण्याचा तो सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जलद आणि एकमेव टिकाऊ उपाय. आणि काका नेमके तिथेच अडतात. ज्या माणसाने नोकरीत असताना सख्ख्या मेव्हण्याचा कर्जाचा अर्ज ‘तारण अपुरे’ असा शेरा मारून परत पाठवला, त्याच्याच्याने अस्पष्ट बुलबुलाला ‘नाही’ म्हणवत नाही. कारण एक्स दाबायचं तर फोटो नीट बघावा लागतो, दुसऱ्याशी ताडून पाहावा लागतो आणि मग स्वतःशी कबूल करावं लागतं की ज्यासाठी पहाटे चारला उठलो, दोनशे किलोमीटर गाडी हाकली, त्यात ठेवण्यासारखा एकच निघाला. कदाचित तोही नाही. यापेक्षा नवी डिस्क घेणं सोपं.

नाही म्हणायला एकदा काकांनी मन घट्ट केलं. गुढीपाडव्याचा मुहूर्त धरला आणि दिवसभर बसून तीनएक हजार फोटो बाद केले. शेवटी प्रोग्रॅमने विचारलं: नुसते कॅटलॉगातून काढू, की डिस्कवरूनही पुसू? काकांचा हात थरथरला आणि त्यांनी ‘कॅटलॉगातून’वर बोट ठेवलं. नोंदी गेल्या, फाइली डिस्कवर तशाच राहिल्या, जागा एका एमबीनेही वाढली नाही. पुढे वटपौर्णिमेच्या सुमारास त्यांनी फोल्डर सिंक्रोनाइझ करण्याची आज्ञा दिली. नोंद नसलेल्या फाइली हुडकून त्या कॅटलॉगात आणणं हेच त्या आज्ञेचं काम. प्रोग्रॅमने मोठ्या आनंदाने कळवलं की तीन हजारांवर नवे फोटो सापडले आहेत, घेऊ का? काकांनी ते घेतले. आणि बघता बघता म्हणाले, “यांतले काही फारच छान आहेत!”

मग डिस्क येते. तिच्यासाठी काका तपकीर गल्लीत जातात आणि तिथला मुलगा त्यांना लांबून ओळखतो. चार टीबीची डिस्क घरी आणून जोडली की संगणक तिच्यात ३.६३ टीबी दाखवतो. डिस्क बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४च्या, आणि टीबीपर्यंत पोचेस्तोवर हा फरक नऊ टक्क्यांचा होतो. काकांना हे गणित उत्तम कळतं. तरीही ते दर वेळी डिस्क घेऊन परत दुकानात जातात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, “टीडीएस कापलास का रे?” दुकानातला मुलगा दर वेळी हसतो. हा विधीचाच भाग आहे.

डिस्क एक घेऊन भागत नाही. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफराने लोकप्रिय केलेला तीन-दोन-एकचा नियम काकांच्या घरात कुळाचारासारखा पाळला जातो. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. नियम सोन्यासारखा आहे. फक्त तो पाळताना ५० एमबीचा अस्पष्ट बुलबुल १५० एमबीचा होतो, हे काका हिशेबात धरत नाहीत. घराबाहेरची प्रत साडूंकडे सांगलीला असते. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा काकांनी घाबऱ्या घाबऱ्या फोन केला. “सगळे सुखरूप आहात ना? वरच्या मजल्यावर गेलात ना?” पलीकडून हो आलं. क्षणभर थांबून काका म्हणाले, “आणि ती?” साडूंना वाटलं गाय. त्यांनी सांगितलं, तिला आधीच हलवली. काकांनी देवापुढे साखर ठेवली. डिस्क खालच्या मजल्यावरच्या कपाटातून कुणी तरी अगदी शेवटी वर नेली होती, हे त्यांना दिवाळीत कळलं.

क्लाउडचं म्हणाल तर तिथे काकांचं मन पोळलेलं आहे. लोकांना नोटाबंदीची ८ नोव्हेंबर २०१६ जशी लक्षात आहे, तशी काकांना १ जून २०२१ लक्षात आहे. त्या दिवसापासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली आणि सगळ्यांनी पंधरा जीबीत संसार करावा असं ठरलं. पंधरा जीबी म्हणजे काकांच्या हिशेबाने थव्याची तीन उड्डाणं. त्याआधी २०१६ साली पिकासा बंद झालं, तेव्हाचा जुना संगणक अजून बेडरूमच्या कोपऱ्यात मच्छरदाणीखाली आहे. त्यातल्या पिकासाने घरातल्या सगळ्यांचे चेहरे ओळखायला शिकून घेतलं होतं, म्हणून तो भंगारात देववत नाही. आता तो चालू व्हायला वीस मिनिटं घेतो, पण चालू झाला की काकूंच्या आईला अजून ओळखतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लाख-दीड लाख फोटोंचा उपयोग काय? हा प्रश्न सोसायटीतही विचारला जायचा. मग गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. त्यांच्या मुलाकडे वडिलांचा धड एक फोटो नव्हता. होता तो आधार कार्डावरचा, आणि तो लावला असता तर लोकांनी श्रद्धांजलीऐवजी तक्रार नोंदवली असती. कुणी तरी त्याला काकांकडे पाठवलं. काकांनी चेहऱ्यांच्या यादीत आजोबांचं नाव टाकलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडद्यावर दोनशे चौदा आजोबा उभे राहिले. गणपतीत आरतीचं तबक धरलेले, झेंडावंदनाला टोपी घातलेले, कोजागरीला मसाला दूध मिशीला लागलेले, मीटिंगमध्ये सेक्रेटरीवर बोट उगारलेले. मुलगा बघतच राहिला. वडील इतके हसायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

“यातला कुठला देऊ?” काकांनी विचारलं.

मुलाला बोलवेना. काकांनाही ठरवेना. त्यांनी दोनशे चौदाचे तारे लावून साठ केले, साठाचे पुन्हा साठच राहिले. पेपरात निवेदन द्यायची वेळ टळत चालली. इतक्यात काकू चहा घेऊन आल्या, ट्रे हातात तसाच ठेवून पडद्याकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, “तो. वरून तिसऱ्या ओळीतला, मिशीला दूध लागलेला. मिशी पुसून घ्या तेवढी.”

ट्रे खाली ठेवायच्या आत निवड संपली होती. काकांनी मिशी पुसली आणि दर्जात तडजोड नको म्हणून सोळा बिटांची टिफ फाइल काढली. ४५ मेगापिक्सेलची अशी फाइल २७० एमबीच्या घरात जाते. ती मेलला जाईना, पेनड्राइव्हवर घालून काका स्वतः रिक्षाने जाहिरातीच्या एजंटाकडे निघाले. त्याने पेनड्राइव्हकडे बघितलंही नाही. “काका, व्हॉट्सॲपवर टाका ना,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आजोबा छापून आले, पोस्टाच्या तिकिटाएवढे, पण हसरे.

घरी काकूंनी विषय काढला. “झालं ना काम? आता उरलेले दोनशे तेरा काढा.”

“आता तर मुळीच नाही,” काका म्हणाले, आणि या एका वेळी काकूंनीही पुढे काही म्हटलं नाही.

दुपारी त्यांनी पेपरातलं ते निवेदन कात्रीने कापलं, ६०० डीपीआयला स्कॅन केलं आणि कॅटलॉगात चढवलं. किवर्ड लावले: सोसायटी, तिसरा मजला, आजोबा, छापील. पहिला स्कॅन थोडा वाकडा आला होता, म्हणून दुसरा घेतला. वाकडाही ठेवला आहे.